हुनर आपलं, नाव कुणाचं?

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी आमच्यासमोर एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी जळगावच्या मेहरूणमधली एखादी अम्मी असते, कधी धुळ्याच्या देवपुरातले मामू, कधी एरंडोल-चोपड्याकडचे शिक्षक. घरातली पोरगी, क्वचित पोरगा, फॅशन डिझायनिंगच शिकायचं म्हणून हट्ट धरून बसलेली असते. पुढे परदेशात जाऊन नाव काढायचं, असंही म्हणते. घरच्यांना कळत नाही की हा पोटापाण्याचा धंदा आहे की मोबाइल पाहून लागलेला नाद. मग एक वाक्य ऐकू येतं आणि तेच आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं: "शिवणकाम तर घरी मीच शिकवते, त्याला चार वर्षं आणि एवढे पैसे कशाला?"

या वेळी आम्ही याच वाक्याचा पिच्छा पुरवणार आहोत. त्यासाठी आधी मुंबईहून न्यूयॉर्कला गेलेल्या एका माणसाची हकीकत सांगावी लागेल.

त्यांचं नाव नईम खान. जन्म 1958 सालचा, वाढले मुंबईत. घरात भरतकामाचा व्यवसाय, तोही पिढीजात. आजोबा आणि वडील दोघंही राजघराण्यांसाठी जरी-टिकल्यांचे भारी कपडे करवून घेत. म्हणजे सुई-दोरा, मोती, सलमा-सितारा हे या मुलानं पुस्तकात नव्हे, घरच्या धंद्यात पाहिलं. वयाच्या विशीच्या आसपास ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये हॉल्स्टन नावाच्या डिझायनरकडे उमेदवारी करू लागले. हॉल्स्टन त्या काळातलं अमेरिकेतलं फार मोठं नाव. 1961 मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले त्या दिवशी त्यांच्या बेगम साहेबांनी घातलेली छोटी गोल टोपी याच माणसानं केली होती. पण त्यांची खरी ख्याती वेगळी. कापडाला कमीत कमी कात्री लावायची, शिवणी कमी ठेवायच्या आणि तरीही कपडा अंगावर पाण्यासारखा पडला पाहिजे, हे त्यांचं कसब.

आमच्या मते नईम खान यांचं सगळं गणित इथं जुळलं. घरून ते कपड्यावरची नक्षी घेऊन आले होते, उस्तादाकडे कपड्याचा बेत शिकले. आपल्याकडे यातलं पहिलं भरपूर आहे. दुसरं कुणी शिकवत नाही, आणि शिकवायला हवं असं कुणाला वाटतही नाही.

स्वतःच्या नावानं कपडे काढायला त्यांनी सुरुवात केली ती 2003 साली. उमेदवारीपासून मोजलं तर मध्ये वीस-पंचवीस वर्षं गेली. चार वर्षांचा कोर्स संपला की पाचव्या वर्षी पॅरिस, असा ज्या मुलामुलींचा समज आहे त्यांना हा हिशेब जरूर वाचून दाखवा. आईवडिलांनीही वाचावा, कारण पाचव्या वर्षी घरात पैसा येत नाही म्हणून पोरीला परत बोलावून घेण्याची घाई बहुतेकदा तेच करतात.

24 नोव्हेंबर 2009 रोजी व्हाइट हाउसमध्ये मोठी शाही मेजवानी झाली. ओबामांच्या कारकिर्दीतली ती पहिली. पाहुणे होते आपले पंतप्रधान मनमोहन सिंग. ए. आर. रहमान यांचं गाणं झालं. आणि यजमानीण मिशेल ओबामा यांच्या अंगावर होता नईम खान यांनी केलेला चंदेरी टिकल्यांचा लांब पोशाख. खांदे उघडे ठेवणारा तो पोशाख आपल्या घरात चालला नसता, हे आम्ही आधीच कबूल करून टाकतो. पण कारागिरी पाहा. त्यावरचं सगळं भरतकाम भारतात झालं होतं. सुमारे 40 कारागिरांनी 3 आठवडे बसून ते केल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. पुढे एप्रिल 2016 मध्ये ब्रिटनच्या राजघराण्यातल्या केट आणि विल्यम आग्र्याला आले. ताजमहालासमोरच्या बाकावर त्या दोघांचा फोटो जगभर छापला गेला, त्यातही केट यांचा पोशाख नईम खान यांचाच होता.

आता त्या 40 जणांकडे वळू.

जरीकामाचा अड्डा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पलंगाच्या चौकटीसारखी लाकडी चौकट असते, तिच्यावर कापड ढोलावरच्या कातड्यासारखं ताणून बांधतात. चारही बाजूंनी कारागीर मांडी घालून बसतात. आधी खाका बनतो. पातळ कागदावर नक्षी काढायची, मग तिच्या रेघेवर सुईनं बारीक बारीक भोकं पाडायची. कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली खडूची पूड बोळ्यानं घासली की भोकांतून नक्षी कापडावर उतरते. मग आरी चालते. एक हात कापडाच्या वर, दुसरा खाली, खालचा हात दोरा पुरवतो आणि आरीचं टोक तो उचलून वर आणतं. दबका, कोरा, नक्षी, टिकी, कटदाणा, प्रत्येकाचा टाका वेगळा. एका फुलाला किती वेळ लागेल हे उस्ताद नुसतं पाहून सांगतो. मुंबईच्या मदनपुरा, कुर्ला, धारावीकडच्या गल्ल्यांत असे अड्डे कैक वर्षांपासून आहेत. त्यावर बसणारे बरेचसे उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडचे, आणि त्यांत मुसलमान मोठ्या संख्येनं. न्यूयॉर्क, पॅरिस, मिलानच्या दुकानांत काचेमागे टांगलेल्या कपड्यांवरचं किती तरी काम या गल्ल्यांतून गेलेलं असतं.

त्या 40 जणांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. नईम खान यांना यात दोष द्यावा असं आमचं म्हणणं नाही. उलट आपल्या कामाची मुळं कुठे आहेत हे ते लपवत नाहीत. धंद्याची रीतच तशी आहे: बेत ज्याचा, नाव त्याचं; हात ज्याचा, त्याची मजुरी. म्हणून "शिवणकाम तर घरी मीच शिकवते" या वाक्याला आमचं उत्तर असं की, आपा, तुम्ही हात शिकवता. तो फार मोठा हुनर आहे, पण नाव हातावर लागत नाही. बेत करायला, तो कागदावर उतरवायला, त्याचा हिशेब मांडायला आणि तो आपला आहे हे दाखवून द्यायला पोरीनं कुठे तरी जाऊन शिकावं लागतं.

ही काही आजची गोष्ट नाही, आणि खानदेशाला तर ती चांगलीच लागू आहे. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर आज लहानसं गाव आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानांचा कारभार तिथून चालायचा. पुढे त्यांनी तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवलं. आता ते मध्य प्रदेशात गेलं असलं तरी रावेरच्या माणसाला ते शेजारचंच गाव. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तिथून गेला. त्यानं लिहून ठेवलंय की या शहरात आणि आसपासच्या सगळ्या सुभ्यात अतिशय तलम, झिरझिरीत कापड अमाप विणलं जातं आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, थेट कैरोपर्यंत जातं. बायका त्याचे बुरखे आणि ओढण्या करतात, काहींवर सोन्याचांदीची जर असते, हेही त्यानं टिपलंय.

म्हणजे पोलंडच्या थंडीत कुणी अमीरजादी खानदेशी ओढणी घेऊन मिरवत होती. आज ज्याला आपण फॅशनची निर्यात म्हणतो ती आपल्या तापीकाठानं साडेतीनशे वर्षांपूर्वी केली. विणकरांची नावं मात्र कुठे नाहीत. नाव राहिलं ते वाटेनं जाणाऱ्या जवाहिऱ्याचं, कारण त्यानं वही ठेवली होती. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हाही गेला तो कच्चा माल. आज आपल्याकडे जिनिंग आहे, धुळ्यात यंत्रमाग आहेत, जळगावच्या फुले मार्केटात कापडाच्या दुकानांची रांग आहे. बेत मात्र बाहेरून येतो.

जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आपल्या भरताला कायद्यानं नाव आहे. भरतकामाला नाही! ही कोटी आम्हाला टाळता आली नाही, पण तिच्यात तथ्य आहे. नाव लागलेलं असलं की काय होतं ते कोल्हापुरी चपलांनी दाखवलं. जून 2025 मध्ये प्रादा या इटालियन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखच केला नाही. 2019 पासून कोल्हापुरीला मानांकन होतं, त्यामुळे ओरडायला हातात कागद होता. आरडाओरडा झाला, महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं पत्र धाडलं, आणि कंपनीला कबूल करावं लागलं की होय, प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलांचीच. नंतर त्यांची माणसं कोल्हापुरात चांभार बांधवांचं काम पाहायला आली. नाव नसतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

आता मुलींचं. नईम खान यांची हकीकत ऐकून एखादी अम्मी म्हणेल, ते मर्दाचं झालं, पाठीशी खानदानी कारखाना होता, आमच्या पोरीचं काय?

वैशाली शडांगुळे यांचं नाव घ्यावंसं वाटतं. मध्य प्रदेशातल्या विदिशाच्या. विदिशा म्हणजे काही दिल्ली-मुंबई नव्हे, आपल्या जळगावपेक्षा लहानच. वयाच्या सतरा-अठराव्या वर्षी घर सोडून निघाल्या. आम्ही हे मुलींना किस्सा म्हणून सांगत नाही. घरच्यांनी आधीच बसून ऐकलं असतं तर तसं निघावं लागलं नसतं, असं आईवडिलांना सांगतो. मुंबईत आल्या, 2001 मध्ये लहानसं दुकान टाकलं. रीतसर पदवी नंतर घेतली, धंदा चालू असताना. आणि त्या गेल्या कुणाकडे? विणकरांकडे. चंदेरी, महेश्वरी, पैठणी आणि आपल्या आयाबहिणींच्या चोळ्यांचा खण, हे कापड घेऊन त्यांनी नवे घाट काढले. जुलै 2021 मध्ये पॅरिसच्या हाउत कुत्यूर सप्ताहात, म्हणजे हातानं शिवलेल्या सर्वांत उंची कपड्यांच्या जत्रेत, आपलं काम मांडणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर ठरल्या. खणाचं कापड पॅरिसला आवडलं आणि आपण मात्र ते गावठी म्हणून पेटीत ठेवून दिलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

त्यांच्याही आधी कोल्हापूरच्या भानू अथय्या होत्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकल्या होत्या. शिवण नव्हे, चित्रकला. चित्रकलेच्या वहीवर रागावणाऱ्या अब्बांनी हे लक्षात ठेवावं.

अड्ड्यावर बसणं हे पुरुषांचं काम, असं आजवर चालत आलं. तेही बदलतंय. मुंबईत 2016 मध्ये 'चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट' सुरू झालं ते बायकांना हे काम शिकवण्यासाठी. 30 मार्च 2023 रोजी दिओर या फ्रेंच कंपनीनं गेट वे ऑफ इंडियासमोर आपला शो केला, तेव्हा कमानीवर चढवलेलं भलं मोठं भरतकामाचं तोरण चाणक्यच्याच कारागिरांनी केलेलं होतं. तेव्हा त्यांचं नाव वर्तमानपत्रांत आलं. दिओरच्या नावाएवढ्या मोठ्या अक्षरांत नाही, पण आलं.

आता आपल्या गल्लीत या. घरोघरी मशीन आहे. शादीच्या हंगामात लेहंग्यांवर मोती लावायला रात्र पुरत नाही, रमजानच्या आधीचे दोन महिने बायका जेवणाची वेळही विसरतात. बुरखे, अबाया, ब्लाउज, मुलांचे कुर्ते, काय शिवत नाहीत? पण विचारा, गेल्या वर्षी केलेल्या सगळ्यात सुंदर कामाचा फोटो आहे का? माप कुठे लिहिलंय? किती तास लागले, किती मोती गेले, मिळाले किती? उत्तर येतं, "अंदाजानं होतं हो सगळं." अंदाज ही कला खरी, पण ती बाईबरोबर येते आणि बाईबरोबर जाते. व्यापारी पिसाचा दर सांगतो आणि आपण मान डोलावतो, कारण तासाचा हिशेब आपल्यापाशी नसतो.

परदेशातल्या कंपनीत, किंवा मुंबईच्या निर्यात कारखान्यातही, कपड्याबरोबर एक कागद फिरतो. त्याला टेक पॅक म्हणतात. कपड्याचं समोरचं-मागचं चित्र, प्रत्येक माप, कापड कोणतं, दोरा कोणता, इंचात टाके किती, नक्षी कुठून सुरू, सगळं त्यात असतं. जळगावात बसून केलेला कागद न्यूयॉर्कच्या माणसाला बोलावं न लागता कळला पाहिजे. डिझायनर आणि दर्जी यांच्यात फरक कसबाचा नसतो, पुष्कळदा दर्जीच जास्त कसबी असतो. फरक या कागदाचा असतो. म्हणून ज्या पोरीला या वाटेला जायचंय तिनं आजपासून वही घालावी. अम्मीनं, खालानं, नानीनं केलेलं काम त्यात यावं. कापडाचा बोटभर तुकडा चिकटवा, फोटो लावा, टाक्याचं नाव लिहा, तारीख आणि तास टाका, आणि ज्या बाईनं केलं तिचं पूर्ण नाव लिहा. "अम्मी, हा टाका तुला कुणी शिकवला?" एवढं विचारलं तरी पान भरतं. पुढे मुलाखतीला पोर्टफोलिओ मागतात, तेव्हा पंचवीस मुलींच्या हाती इंटरनेटवरून उतरवलेली चित्रं असतात. हिच्या हाती ही वही असेल.

कुठे पाठवावं, याबद्दल थोडं. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची निफ्ट ही संस्था 1986 पासून आहे, आपल्याला जवळचं केंद्र नवी मुंबईत खारघरला. बारावी कुठल्याही शाखेतून झालेली चालते, पदवी चार वर्षांची. तिची फी सगळ्यांना झेपणारी नाही, हे खरं. पण एक गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. कारागीर आणि कारागिरांच्या मुलांसाठी तिथे प्रवेशाची वेगळी वाट ठेवलेली आहे. त्यासाठी कारागीर असल्याचं सरकारी ओळखपत्र लागतं. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून मिळणारं 'पहचान' पत्र हे त्यातलं एक. घरात कुणी वर्षानुवर्षं जरी-भरतकाम करत असेल आणि हे पत्र काढलं नसेल, तर आधी ते काढा. मुलगी नववीत असतानाच काढलं तर बारावीनंतर धावपळ होणार नाही.

चार वर्षं बाहेर पाठवणं जमण्यासारखं नसेल तर शासकीय आयटीआयमध्ये शिवणकामाचा वर्षभराचा ट्रेड असतो. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे आयटीआय आहे, यंदा कोणते ट्रेड चालू आहेत ते स्वतः जाऊन विचारावं. फी अगदी थोडी असते आणि प्रमाणपत्र देशभर चालतं. पॅटर्न काढणं तिथे शिकता येतं आणि पॅटर्न आला की अर्धी वाट सरली. चकचकीत पाटीच्या खासगी संस्थांबद्दल मात्र सावध राहा. फोटोसेशन, रॅम्प, फेटे बांधून सत्कार यावर भाळू नका. तिथे शिकून गेलेल्या दोन मुलींचा पत्ता मागा आणि त्या आज काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐका. पत्ता द्यायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत या.

राहता राहिली निफ्टची परीक्षा. सर्जनशीलता आणि सामान्य क्षमता यांचे पेपर झाले की निवडलेल्यांना सिच्युएशन टेस्टला बोलावतात. समोर काही साहित्य ठेवतात, तार, कागद, कापड, दोरा असं काहीबाही, आणि ठरावीक वेळात एखादी वस्तू बनवायला सांगतात. याचे महागडे क्लास निघालेत. ते लावण्याआधी घरातल्या कातरणांची पिशवी पोरीच्या हाती द्या, घड्याळ लावा, आणि दर जुम्म्याला नमाजनंतर घरच्यांनी मिळून तिनं काय बनवलं ते पाहा. अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात, तेव्हा बारावीच्या सहामाहीपासून सुरुवात केली तरी चालेल.